फुटामागे एक सूत

तुम्ही खांदा कॉलनीत खांदेश्वराच्या तळ्याशी उभे आहात आणि हातातली पिशवी जड आहे. पिशवीत फडक्यात गुंडाळलेल्या दोन अर्धगोल शेल आहेत, बिग एंडच्या बेअरिंगच्या. त्यांच्या आतला चंदेरी थर जागोजागी फुटलाय, कडेचे पापुद्रे नखाने निघतात. सोबत गनमेटलचा छोटा पाणीपंप आहे. खाडीच्या गाळाने तो आतून ओरखडलाय आणि त्याचा एक कान तुटलाय. आणि एक नट आहे, जो बाजारातल्या बारा मिलिमीटरच्या बोल्टवर डुगडुगतो आणि फेराभरात अडतो.

हे सगळं एका मचव्यातलं. मचवा पनवेलच्या कोळीवाड्यात चिखलात टेकलाय आणि तुम्हाला तो पुन्हा पाण्यात चालता करायचाय. मशीन शेवटचं चालवलंत तेव्हा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्रँककेसला टेकवून मूठ कानाला लावली होती. आतून ठोका येत होता, लोड पडला की जास्त. खालचं तेल काढलं तर उन्हात चकाकणारे बारीक कण दिसले. ते कण म्हणजे या शेलमधला थर. त्यानंतर मशीन चालवलं नाहीत, हे फार चांगलं केलंत. अशा ठोक्यावर आणखी चार दिवस रेटलं असतं तर क्रँकपिनही गेली असती.

मशीनवरची पितळी पट्टी कधीच गायब झालीय. नाव नाही, नंबर नाही. पण सिलिंडर मोजलात: व्यास साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच. ही जोडी जुन्या मशिनांच्या माणसांना तोंडपाठ असते. लिस्टर सीएस, नाहीतर त्या घराण्यातलं कुणीतरी. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला 650 फेरे, दोन अवजड फ्लायव्हील. तुमच्या लहानपणी गावात पिठाची गिरणी पुक-पुक करत असेल, तर ती बहुतेक याच्यावरच. कुणीतरी ते विहिरीवरून किंवा गिरणीतून उचलून मचव्यात बसवलं आणि त्याला पंख्याचा शाफ्ट जोडला.

लोखंडासाठी तुम्हाला लांब जायला नको. कळंबोलीचा लोखंड बाजार शेजारीच आहे. पत्रा, सळई, चॅनेल, अँगल, मागाल तितकं. पण पिशवी उघडून दाखवली की तिथली माणसं मान हलवतात. या बाजारातलं बरंचसं लोखंड पूर्वी मुंबईच्या बंदरकाठी विकलं जायचं. त्या काठाला चला.

दारूखाना. नोव्हेंबर 2014. पावडर बंदराच्या चिखलात विक्रांत उभी आहे. 1971च्या युद्धातली ती विमानवाहू नौका आजपासून तोडली जातेय. गॅसकटरच्या ठिणग्या वरून गळताहेत आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघताहेत. तुम्हीही थांबता. इतकं मोठं जहाज तुकड्यातुकड्याने विकलं जाताना बघून वाईट वाटतं. वाटायलाच हवं.

पण तुमचं काम गल्लीत आहे. दुतर्फा दुकानांत नांगर, साखळ्या, पितळी खिडक्या, प्रेशर गेज, व्हॉल्व्ह, दोरखंड. आत अंधारात तेलकट ताडपत्रीखाली इंजिनं. मोठ्या जहाजांच्या जीवरक्षक नावांना छोटी डिझेल इंजिनं असतात. जहाज तुटलं की ती सुटी होऊन इथे किंवा गुजरातेत अलंगला येतात. लिस्टर, बुख, नावं वाचता येतात. यातली कितीतरी फारशी चाललेलीच नसतात, कारण जीवरक्षक नाव पाण्यात उतरण्याची वेळच आलेली नसते. जुन्या मशीनसाठी भाग शोधणाऱ्याने दारूखान्याची चक्कर कधीही चुकवू नये, ती यासाठी.

“नंबर बोलो सेठ,” दुकानदार म्हणतो.

नंबर तुमच्याकडे नाही. तुम्ही शेल पुढे करता. तो ती अंगठ्याने चोळतो, कड बघतो, आतला फुटका थर बघतो.

“ये नया मत ढूंढो. भरवा लो.”

शेलचं बाहेरचं कवच शाबूत आहे, गेलाय तो आतला मऊ थर, आणि तो मऊ असतो तो जाण्यासाठीच. क्रँकपिन वाचावी म्हणून तो झिजतो. तो पुन्हा भरता येतो. तुम्ही गल्लीतून रे रोडच्या दिशेने चालू लागता आणि वळणावर वर्ष बदलतं.

1985. रे रोडजवळची शेड, पुढे लेथ, मागे भट्टी. मिस्त्री कोल्हापूरचे, शिवाजी उद्यमनगरात हात बसलेला. ऊस आणि विहिरी यांनी त्या शहराला ऑइल इंजिनांची गरज लावली. आधी दुरुस्ती, मग सुटे भाग, मग अख्खी इंजिनं, असं ते शहर शिकलं. मिस्त्री शेल हातात घेतात आणि बोलण्याआधी मायक्रोमीटर काढतात.

“क्रँकपिन आणलीय का?”

पिन मचव्यात आहे. माप तुम्ही कागदावर लिहून आणलंय, आडवं आणि उभं, दोन्ही टोकांना. मिस्त्री कागद वाचतात आणि मान डोलावतात. पिन गोल राहिली नसती तर आधी ती ग्राइंड करावी लागली असती, मग भरणं. शेल तुटकी असली तरी चालतं, माप मात्र खरं लागतं.

आता बघा, कारण हे काम आता फार कमी ठिकाणी दिसतं.

शेल गरम करून जुना थर वितळवून काढला. आतली बाजू ॲसिडने धुतली, नवसागर टाकून कथलाची कलई दिली. भांड्यांना देतात तीच कलई, फक्त इथे ती एका धातूला दुसरा धातू घट्ट धरून ठेवायला लावते. जिथे कलई नीट लागली नाही तिथून थर पुढे सुटणार, म्हणून मिस्त्री शेल उजेडाकडे धरून तिरकी बघतात आणि एका कोपऱ्याला पुन्हा देतात. मधोमध गोल पोलादी दांडा उभा केला, त्याला दिव्याची काजळी माखली, म्हणजे ओतलेला धातू त्याला चिकटणार नाही. शेल आणि दांडा दोन्ही तापवले. फटी चिकणमातीने बंद केल्या.

मुशीत व्हाइट मेटल. बहुतेक सगळं कथील, शंभरात जवळपास 90 भाग, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिराने 1839 मध्ये या मेळाची युक्ती काढली. कथील मऊ पडतं, पण त्यात अँटिमनी-तांब्याचे कठीण कण विखुरलेले असतात. ते शाफ्टचा भार पेलतात आणि मऊ कथील तेलाला जागा देतं, कचऱ्याचा कणही पोटात घेतं. मिस्त्री लाकडाची काडी मुशीत बुडवतात. काडी काळी पडली, पण पेटली नाही. ओतायची वेळ झाली. पळी एकदाच कलते, एका धारेत. मध्ये थांबलं तर थरात सांधा राहतो आणि पुढे थर तिथूनच फुटतो.

थंड झाल्यावर लेथवर बोअर. मग पिनेला ब्लूचा पातळ हात, शेल बसवून फिरवायची, जिथे निळं लागेल तिथे स्क्रेपरने हलकं खरवडायचं. पुन्हा ब्लू, पुन्हा स्क्रेपर. संध्याकाळ होते. निळे ठिपके आधी दोन-चार जागी होते, ते आता सगळीकडे विखुरलेत.

“इंचाला एक थाऊ,” मिस्त्री सांगतात. “पिन दोन इंची असली तर दोन थाऊ सैल ठेवा. पितळी शिम घालून जमवा. शिशाची तार मध्ये ठेवून टोपी आवळा, सोडा, चपटी झालेली तार मोजा. अंदाज करू नका.”

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन थाऊ डोळ्याला दिसत नाहीत. पण तेलाचा थर तेवढ्याच जागेत राहतो, आणि तोच थर पिन तरंगती ठेवतो. जास्त सैल ठेवली तर ठोका, घट्ट ठेवली तर धूर.

पंप बघून मिस्त्री तुम्हाला शेजारच्या पॅटर्नवाल्याकडे पाठवतात. तो सुतारच, पण ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा. तुटलेला कान तो मेणाने पंपाला जोडतो आणि विचारतो, यालाच नमुना धरून ओतायचाय? तसं केलंत तर नवा पंप लहान निघेल. धातू थंड होताना आकसतो. बिडाला फुटामागे एक सूत धरायचं, गनमेटलला दीड. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून जुन्या भागावर आधी तेवढी जाडी चढवायची, किंवा मूळ मापाला तेवढं वाढवून लाकडाचा नवा नमुना करायचा. जिथे लेथवर कापायचंय तिथे आणखी थोडं. जुन्या इंजिनाचा कुठलाही ओतीव भाग पुन्हा जन्माला घालायचा हा पाया आहे. गोव्याच्या माणसाने करावं, रत्नागिरीच्याने करावं, सूत तेच.

निघताना मिस्त्री सांगतात, लिस्टर अजून इंग्लंडात बनतं म्हणे. बनतं, पण आणखी दोनच वर्षं. डर्स्लीच्या कारखान्यात 1987 मध्ये सीएसचं उत्पादन थांबणार आहे. तुम्ही ते सांगत नाही.

नट राहिलाय. त्यासाठी आणखी मागे जायला हवं.

ससून डॉक, ऑक्टोबर 1958. पहाटेचा कोळंबीचा वास, टोपल्यांची ओरड, बर्फाचे गाडे. करंजाची एक होडी धक्क्याला लागलीय आणि तिच्या पोटात मशीन बसवताहेत. या दशकात सरकारी मत्स्यव्यवसाय खातं आणि सहकारी सोसायट्या कर्जाने इंजिनं देऊ लागल्यात. सातपाटीचे कोळी यात पुढे आहेत. शिडाच्या होडीला मशीन बसवणं सोपं नाही. सागवानाचे जाड ओंडके तळाला बसवून त्यावर मशीनचा पाया, मागच्या खांबातून आरपार भोक, त्यात स्टर्न ट्यूब, ट्यूबमध्ये लिग्नम व्हिटीचं लाकूड. हे लाकूड इतकं जड आणि तेलकट की शाफ्ट त्याच्यात नुसत्या पाण्यावर फिरतो. बाहेरून पाणी येऊ नये म्हणून चरबीत भिजवलेल्या दोरीचं ग्लँड पॅकिंग.

फिटर मशीन आणि शाफ्ट यांच्या कपलिंगमध्ये फीलर गेज घालून चारी बाजूंची फट तपासतोय. हे सगळं किनाऱ्यावर का नाही केलं, असं तुम्ही विचारता. कारण लाकडी होडी पाण्यात उतरली की फुगते, वाकते, बसते. किनाऱ्यावर जमवलेली रेषा पाण्यात चुकते. जुन्या होडीत कंप येतो, पॅकिंग पुन्हा पुन्हा गळतं, तेव्हा लोक इंजिनाला दोष देतात. दोष बहुतेक वेळा या रेषेचा असतो. तुमच्या मचव्याचंही आधी हेच तपासायला हवं.

डोलकाठी अजून जागेवर आहे आणि शीड गुंडाळून ठेवलंय. मशीन आल्यावर याची काय गरज, असं तांडेलाला विचारता.

“मशीन परली बंद, तरी शीर हाय नं दादूस!”

फिटरच्या कपाळावरची आठी मात्र वेगळ्या कारणाने आहे. परदेशी मशीनचा नोझल हवाय आणि मिळत नाही. गेल्या वर्षीपासून परकीय चलनाची चणचण आहे, आयातीला परवाना लागतो आणि तो मिळेपर्यंत मासेमारीचा हंगाम जातो. म्हणून मुंबईतल्या नागदेवीच्या बाजारात जाऊन जवळचा भाग शोधायचा, किंवा कुणाकडून तरी घडवून घ्यायचा. पुण्याला खडकीत किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना 1946 पासून आहे, साताऱ्याचे कूपर त्याही आधीपासून डिझेल इंजिनं करताहेत, त्यांचे भाग मिळतात. बाकीच्यांसाठी लेथ. इथल्या गल्ल्यांतला प्रत्येक टर्नर या टंचाईत तयार झाला, असं मला ठाम वाटतं. परदेशी भाग सहज मिळत असते तर मघाचा पळीवाला मिस्त्री घडलाच नसता.

आता नट काढा. फिटर तो बघताच सांगतो: अर्धा इंच व्हिटवर्थ, इंचात बारा आटे, आट्याचा कोन 55 अंश. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये ठरवलेलं माप. तुमच्या काळातला बारा मिलिमीटरचा बोल्ट पावणेदोन मिलिमीटरच्या पिचचा आणि 60 अंशांचा. दोघांचं जमणार कसं? या महिन्याच्या 1 तारखेपासूनच देशात मेट्रिक वजनं-मापं यायला सुरुवात झालीय. फिटरला अजून त्याचं काही वाटत नाही. पण पुढे साठ वर्षं कुणीतरी दोघांना जबरदस्तीने आवळणार आहे, आटे मारणार आहे आणि मग भोक मोठं करून तिसराच बोल्ट ठोकणार आहे. जुन्या मशिनांचे जितके आटे वापराने गेले त्याहून जास्त या घाईने गेले असतील. आटे मोजायची पिच गेज खिशात मावते. तुम्ही ती घ्या.

मशीनचं मूळ बघायला आणखी मागे, डर्स्लीत. तिथे फार वेळ थांबायचं नाही. 1930च्या आसपासचं ग्लॉस्टरशायर, ओली हवा, विटांच्या भिंती. आर. ए. लिस्टर कंपनी 1867 पासून इथे शेतीची यंत्रं करते. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्याआधीच्या कित्येक तेल इंजिनांना सुरू करण्याआधी बत्तीने डोकं लाल तापवावं लागे. हे मशीन थंडच हँडल मारून उठतं. हेडवरचं एक छोटं चाक फिरवलं की आतली एक पोकळी बंद होते, दाब वाढतो आणि डिझेल पेटतं. मशीन तापून भार आला की चाक उघडायचं. तुमच्या मचव्यातल्या मशीनला हे चाक आहे का ते परत गेल्यावर बघा, त्यावरून त्याचं वय आणि घराणं कळायला मदत होईल. इथून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ड्रॉइंगचं टेबल. प्रत्येक भागाचं माप आणि त्या मापात किती चुकलेलं चालेल तेही लिहिलेलं. पुढे राजकोटचे कारखानदारही तसंच मशीन बनवू लागले, आणि आज इंग्लंडातले शौकीन आपल्या लिस्टरसाठी राजकोटहून भाग मागवतात.

आणि शेवटी घराजवळ, पनवेल बंदर, 10 नोव्हेंबर 1830. आज बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कम यांनी उघडलाय. आता पुण्याकडून बैलगाड्या इथवर येतील आणि इथून पडावातून माल मुंबईला जाईल. खांदा कॉलनीच्या जागी शेतं आहेत, पलीकडे तिवरं. 1863 मध्ये घाटात आगगाडी चढेल आणि बंदराचा हा काळ संपेल.

किनाऱ्यावर सुतार पडावाची फळी बसवतोय. त्याच्याकडे ड्रॉइंग नाही. एक काठी आहे, तिच्यावर खुणा, आणि त्या खुणांचा अर्थ फक्त त्याला आणि त्याच्या मुलाला कळतो. फळी अचूक बसते. तुम्ही काठी हातात घेता आणि तुम्हाला काहीही वाचता येत नाही. डर्स्लीचं मशीन शंभर वर्षांनीही पुन्हा करता येतं आणि या सुताराच्या पडावासारखा पडाव आज कुणाला करता येत नाही. फरक लिहिण्यातला आहे. कौशल्य दोन्हीकडे होतं.

गाढी नदीवरचा पूल, मागे हॉर्न, वर विमान. तुम्ही आपल्या काळात आहात. कोळीवाड्यात ओहोटी लागलीय आणि मचवा उघड्यावर. राजकोटहून मागवलेले पिस्टन रिंग आणि लायनर घरी आलेत. ते लगेच चढवू नका. “लिस्टर टाइप” लिहिलेला भाग बसतो, पण प्रत्येक कारखान्याचं माप थोडं इकडेतिकडे असतं. लायनर तीन जागी मोजा, रिंग लायनरमध्ये सरळ ढकलून तिच्या तोंडाची फट फीलरने बघा, कमी असेल तर कानशीने उघडा. भरून आणलेली शेल बसवा, शिशाची तार, दोन थाऊ, मग टोपीचे नट आवळून स्प्लिट पिन. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर वर करा, हँडल मारा, फ्लायव्हीलने वेग धरला की लिव्हर सोडा. पहिला तासभर भार न देता चालवा आणि पुन्हा तेल काढून बघा. कण दिसले तर उघडा, पुन्हा उघडा. यात लाज नाही.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. करंजा, मोरा, रेवस, दिघी, हर्णै, मालवण, कुठेही जुनं मशीन गंजत पडलेलं असेल, तर ते भंगारात किलोवर विकण्याआधी पट्टीवरचा नंबर लिहून घ्या, पट्टी नसेल तर बोअर आणि स्ट्रोक मोजा, आटे मोजा, फोटो काढा. तुटलेला ओतीव भाग फेकू नका, नवा भाग त्याच्यावरूनच निघणार आहे. आणि तुमच्या गावात व्हाइट मेटल भरणारा, पॅटर्न करणारा एखादा मिस्त्री अजून असेल, तर या महिन्यात वही घेऊन त्याच्याकडे जा, काम चालू असताना शेजारी बसा आणि तो सांगेल ते मापासकट लिहून घ्या.